घराला एकच दार असेल, तर ते मोकळं ठेवा



१४ एप्रिल म्हटलं की आपल्याला बाबासाहेबांची जयंती आठवते. त्याच तारखेला, १९४४ साली, मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली होती. जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. प्रचंड स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान कामावर असतानाच गेले. त्यांची आठवण म्हणून दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर 'अग्निशमन सेवा सप्ताह' म्हणून पाळला जातो. म्हणून या अंकात आपण आगीबद्दल बोलणार आहोत.

आगीच्या सूचनांची यादी आपण पोस्टरवर, दवाखान्यात, शाळेच्या भिंतीवर वाचलेली असते. वाचतो आणि विसरतो. म्हणून आज एका गोष्टीवर जास्त बोलू: घरातच चालणारा आपला उद्योग आणि त्या घराचं एकुलतं एक दार.

शहापूर, मुरबाड, भिवंडीकडच्या किती तरी घरांतली एखादी लेक, सून किंवा भाऊ आज ठाण्यात वागळे इस्टेटला कामाला आहे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत झाली ती वागळे इस्टेट. कारखाने आले तशी माणसं आली आणि भोवती किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर अशा दाट वस्त्या उभ्या राहिल्या. किसननगरला जाऊन आलेल्या मैत्रिणींना ठाऊक आहे, एका इमारतीच्या खिडकीतून हात काढला तर दुसऱ्या इमारतीला लागतो. गल्लीत समोरून रिक्षा आली तर आपल्याला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. तिथे अग्निशमनाचा बंब शिरणार कसा? ठाणे महापालिकेची क्लस्टर पुनर्विकास योजना किसननगरपासून सुरू झाली, त्याचं कारणही ही दाटी आणि धोकादायक इमारती हेच. पण नवी घरं होतील तेव्हा होतील. आजची रात्र लेकीला आजच्याच खोलीत काढायची आहे.

आणि ती खोली म्हणजे काय? दहा बाय बाराची. एक दार, एक खिडकी, खिडकीला पक्की लोखंडी जाळी. दाराजवळ शिवणयंत्र, कारण उजेड तिथेच येतो. यंत्राशेजारी कापडाची गाठोडी. दाराबाहेर चपला, कचऱ्याची बादली, सायकल. जिन्याखाली सगळ्या इमारतीचे वीजमीटर आणि मीटरला खेटून दुचाक्या. गावाकडेही आता फार वेगळं राहिलेलं नाही. पडवीत पिठाची चक्की, ओटीवर मशीन, दारात गाडी चार्जिंगला.

तीन पहाटा

गेल्या काही वर्षांत आपल्याच राज्यात घडलेल्या तीन घटना बघा.

३० ऑगस्ट २०२३. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत एका हार्डवेअरच्या दुकानाला पहाटे आग लागली. दुकान चालवणारं कुटुंब रात्री दुकानातच झोपायचं. आई, वडील आणि दोन मुलगे, चौघंही गेले.

३ एप्रिल २०२४. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या टेलरिंगच्या दुकानाला पहाटे आग लागली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण गेले, त्यात दोन लहान मुलं होती. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोचलीच नव्हती. ते धुराने गुदमरले, असं पोलिसांनी त्या वेळी सांगितलं.

६ ऑक्टोबर २०२४. मुंबईत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत खाली दुकान आणि वर घर अशा एका ठिकाणी पहाटे आग लागली. लहान मुलांसह एकाच कुटुंबातले सात जण गेले.

गावं वेगळी, कुटुंबं वेगळी, पण तिन्ही ठिकाणी तेच दिसतं. वेळ पहाटेची, सगळे गाढ झोपेत. खाली किंवा पुढे व्यवसाय, आत किंवा वर कुटुंब. बाहेर पडायची वाट त्या व्यवसायातूनच जाणारी, आणि आग नेमकी त्याच वाटेवर.

ही माणसं बेफिकीर नव्हती, आपल्यासारखीच होती. भाडं दोन ठिकाणी भरण्यापेक्षा एकाच जागेत धंदा आणि संसार चालवावा, हा हिशोब आपणही करतो. हिशोब चुकीचा नाही. फक्त त्यात दाराचा विचार राहून जातो.

जाळ दिसायच्या आधी धूर येतो

आग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ज्वाळा येतात. पण घरातल्या आगीत बहुतेक वेळा माणूस जळण्याआधी धुराने बेशुद्ध पडतो. आजचं आपलं घर आठवा. फोमची गादी, नायलॉनचे पडदे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेरिकॉटचं कापड. हे पेटलं की दाट काळा धूर निघतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. काही श्वासांत डोकं गरगरतं आणि हातपाय चालेनासे होतात. दार समोर असूनही कडी काढता येत नाही.

आणि झोपेत आपलं नाकही झोपलेलं असतं. 'वास आला की जाग येईल' या भरवशावर राहू नका. जागं करतो तो आवाज. बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म आता बाजारात मिळतो, छताला लावायचा. ज्यांच्या घरात उद्योग चालतो त्यांनी तो अवश्य लावावा. गटाने एकत्र घेतले तर स्वस्तही पडतील.

धूर वर चढतो हेही लक्षात ठेवा. जिना म्हणजे धुराचं धुराडंच. खाली मीटर पेटले की काही मिनिटांत वरच्या मजल्यापर्यंत धूर भरतो. पण जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर थोडा वेळ बरी हवा राहते. म्हणून धुरातून उभ्याने जायचं नाही, रांगत जायचं.

घरात उद्योग असेल तर

आपल्या गटांमधून शिवणयंत्र, ओव्हरलॉक, चक्की, मसाल्याचं मशीन यासाठी कर्ज दिलं जातं. कर्ज देताना आपण मशीनची किंमत विचारतो, हप्ता विचारतो, जामीन कोण ते विचारतो. मशीन घरात कुठे ठेवणार, हे मात्र कुणी विचारत नाही. इथून पुढे विचारू या.

पहिली गोष्ट दाराची. दार ते झोपायची जागा, एवढी वाट कायम मोकळी हवी. रात्री दिवे गेले असताना, डोळे मिटून, हात चाचपत दारापर्यंत जाता येतं का? आज रात्रीच करून बघा. पाय कशात अडकला, तर ती वस्तू तिथून उचला. शक्य असेल तर मशीन आणि माल आतल्या भिंतीकडे आणि झोपायचं दाराकडे, अशी अदलाबदल करा. उजेडासाठी एक जास्तीचा दिवा लावावा लागेल, तो परवडतो.

दुसरी गोष्ट किल्लीची. आतून कुलूप लावत असाल, शटर ओढून झोपत असाल, तर किल्ली दाराजवळच्या एकाच खिळ्याला अडकवायची. उशीखाली नाही, पर्समध्ये नाही. घरातल्या आठ वर्षांच्या मुलालाही अंधारात ती सापडली पाहिजे. पोरांना कडी काढता येते का, शटर उचलतं का, हेही बघा.

तिसरी गोष्ट दुसऱ्या वाटेची. खिडकीच्या जाळीचा एक भाग आतून उघडणारा करून घ्या. त्याला कडी चालेल, कुलूप नको. फॅब्रिकेशनवाल्याचं हे थोड्या वेळाचं काम आहे. भाड्याची खोली असेल तर मालकाला स्पष्ट सांगा. चार भाडेकरणींनी मिळून सांगितलं तर मालक ऐकतो. खाली दुकान आणि वर घर असेल, तर अशी उघडणारी जाळी हवीच.

चौथी गोष्ट मालाची. कापडाची गाठोडी, चिंध्या, पुठ्ठा, थर्माकोल यांचा ढीग स्विचबोर्डाखाली किंवा शेगडीजवळ नको. रोज काम संपलं की चिंध्या गोळा करून पोत्यात भरा आणि दारापासून लांब ठेवा. इस्त्रीची पिन काढूनच उठायचं. कुणी हाक मारली, पोर रडलं, तरी आधी पिन.

पाचवी गोष्ट घरी आणलेल्या कामाची. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या तळवडे भागात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. पहिल्याच दिवशी सहा मृत्यू झाले, भाजलेल्यांपैकी आणखी काही जणी पुढे दगावल्या. तिथे काम करणाऱ्या बहुतेक बायाच होत्या. कारखान्याकडे आवश्यक परवानगी नव्हती. कंत्राटदार घरी पावडर, थिनर, सोल्युशन, वासाचं तेल आणून देत असेल, तर विचारायची लाज बाळगू नका: 'हे पेटतं का? डब्यावर काय लिहिलंय?' डब्यावर आगीच्या ज्वाळेचं चित्र असेल, तर ते काम एकाच दाराच्या खोलीत, शेगडीशेजारी करायचं नाही. नगामागे मिळणारे पैसे त्या जोखमीपुढे काहीच नाहीत.

वीज

एप्रिल-मे म्हणजे घरात पाहुणे, पोरांच्या सुट्ट्या आणि पंखा, कूलर, फ्रिज, मशीन सगळं एकदम सुरू. जुनी वायर एवढा भार सोसत नाही, आतून तापते. वरचं आवरण मऊ होतं, मग वितळतं, मग ठिणगी पडते.

वीज आधी इशारा देते. स्विच गरम लागतो, बोर्ड काळा पडतो, जळकट वास येतो, दिवा लुकलुकतो, फ्यूज वारंवार जातो. यातलं काही दिसलं तर 'बघू नंतर' म्हणू नका. फ्यूज उडतो म्हणून जाड तार घालू नका. फ्यूज उडतो तो आपल्याला वाचवायला. एका पिनेवर तीन-चार पिना लावून इस्त्री, फ्रिज आणि मोटर चालवू नका. मीटरजवळ एमसीबी आणि करंट गळला तर बंद होणारा ईएलसीबी बसवून घ्या. आकडा टाकून घेतलेली वीज म्हणजे बिल वाचवून आग विकत घेणं. वीजवाहिनीची तक्रार असेल तर महावितरणचा नंबर १९१२.

चार्जिंगबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरात इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी रात्री चार्जिंगला लावलेली असताना तिचा स्फोट झाला. जवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. त्यामुळे ई-बाईकची बॅटरी झोपायच्या खोलीत आणि दारात, दोन्हीकडे चार्ज करायची नाही. दिवसा, कुणीतरी जागं असताना, कंपनीच्याच चार्जरने करायची. फुगलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी वापरायची नाही. मोबाईलही उशीखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करू नका.

जिन्याखालच्या मीटरशेजारी दुचाक्या, भंगार, जुन्या गाद्या ठेवू नयेत, हे मात्र एकटीने होणार नाही. इमारतीतल्या बायांनी एकत्र बसून ते ठरवावं लागेल.

गॅस

२०१६ पासून उज्ज्वला योजनेतून आपल्यापैकी अनेकींच्या घरी गॅस आला. धुराचा त्रास कमी झाला. पण गॅसबरोबर आलेल्या सूचना कितीजणींना नीट समजावल्या गेल्या?

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की खाली बसतो, जमिनीवरून पसरतो, ओट्याखाली, पलंगाखाली साचतो. मग एक ठिणगी पुरते. ६ डिसेंबर २०२० रोजी सकाळी मुंबईत लालबागच्या साराभाई इमारतीत तेच झालं. गॅसचा वास आला, लोक बघायला जमले आणि स्फोट झाला. सोळा जण जखमी झाले, त्यातले काही उपचार सुरू असताना गेले.

म्हणून गॅसचा वास आला तर हा क्रम पाठ करा:

• दिवा, पंखा, एक्झॉस्ट यांच्या स्विचला हात लावायचा नाही. चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद. स्विच बंद करतानाही ठिणगी पडते.
• काडी, लायटर, देवापुढचा दिवा, अगरबत्ती, चूल काहीही पेटवायचं नाही.
• दार आणि खिडक्या उघडायच्या. गॅस खाली असतो, म्हणून दार उघडणं जास्त महत्त्वाचं.
• रेग्युलेटर बंद करून काढायचा आणि सिलिंडरच्या तोंडावर प्लॅस्टिकची टोपी लावायची. ही टोपी फेकू नका, सिलिंडरलाच दोरीने बांधून ठेवा.
• पोरं, म्हातारी माणसं आणि बघायला आलेले शेजारी, सगळ्यांना लांब न्यायचं.
• बाहेर लांब गेल्यावरच फोन लावायचा. गॅसगळतीचा नंबर १९०६.

वागळे इस्टेटसारख्या शहरी भागात काही इमारतींत पाइपचा गॅस आहे. तो हवेपेक्षा हलका असतो आणि वर जातो. तिथे शेगडीजवळची आणि घरात येणारी मुख्य कळ बंद करून वरच्या खिडक्याही उघडाव्यात.

रोजच्या सवयी साध्याच आहेत. सिलिंडर उभा आणि मोकळ्या हवेत, शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद. नळी आयएसआय छापाची, आणि तिच्यावर छापलेली मुदत संपली की बदलायची. सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवरची अक्षरं वाचा. तिथे ए, बी, सी, डी यातलं एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ती सिलिंडरच्या तपासणीची मुदत असते. मुदत उलटून गेली असेल तर सिलिंडर परत करा.

खोलीवर राहणाऱ्या पोरी बऱ्याचदा दुकानात भरून मिळणारी छोटी बेकायदा टाकी वापरतात. तिचा व्हॉल्व्ह कसला, कुणी तपासलाय, काही पत्ता नसतो. लेकीकडे गेलात तर तेवढं बघून या. गॅस कंपन्यांचे पाच किलोचे अधिकृत सिलिंडर मिळतात, ते घ्यायला सांगा.

गावाकडे

गावात चुलीतले निखारे रात्री तसेच सोडू नका, पाणी शिंपडा. चुलीवर वळणीला कपडे, शेजारी गोवऱ्या आणि काटक्यांचा भारा नको. पेटत्या चुलीत किंवा दिव्यात रॉकेल ओतायचं नाही. मच्छर अगरबत्ती पलंगाखाली नको, ताटलीत ठेवा, वर मच्छरदाणी लोंबत नाही ना ते बघा. भाताचा पेंढा घराला आणि गोठ्याला खेटून रचू नका, आणि त्यावरून विजेची तार जात नाही ना ते बघा.

आता राब भाजायचे दिवस आहेत. वारा पडलेला असताना, सकाळी लवकर भाजा. भोवतीचं गवत काढून पट्टा मोकळा करा, पाण्याची भांडी जवळ ठेवा, आणि शेवटची ठिणगी विझेपर्यंत कुणीतरी तिथे थांबा. एक गोष्ट कपड्यांची: नायलॉनची साडी किंवा मॅक्सी पेटली की वितळून कातडीला चिकटते. चुलीपुढे, शेगडीपुढे आणि राबावर सुती नेसा, पदर खोचा.

आग लागलीच तर

कढईतलं तेल पेटलं, तर पाणी कधीही ओतू नका. पाण्याची वाफ होते आणि पेटतं तेल अंगावर उडतं. गॅस बंद करा, कढईवर झाकण किंवा मोठी परात सरकवून ठेवा आणि थंड होईपर्यंत उघडू नका. पेटती कढई उचलून मोरीकडे पळू नका.

विजेची आग असेल, तर आधी मेन स्विच बंद. पाणी नाही. कोरडी वाळू किंवा माती चालते.

छोटं अग्निशामक यंत्र घरात असेल तर एबीसी पावडरचं, आयएसआय छापाचं असू द्या. पिन ओढा, नळीचं तोंड आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. ते काही सेकंदच चालतं. आपली पाठ दाराकडे असेल आणि आग बादलीएवढी असेल, तरच विझवायला थांबायचं. तेवढ्यात विझली नाही तर बाहेर.

बाहेर पडताना ओरडून सगळ्यांना उठवा. पोरांना दडून बसायची सवय असते. पलंगाखाली, कपाटामागे बघा आणि 'आग लागली की लपायचं नाही, बाहेर पळायचं' हे त्यांना आजच सांगा. जाताना खोलीचं दार मागे ओढून घ्या, आग आणि धूर तेवढा वेळ अडतो. लिफ्ट वापरू नका. जिन्यात दाट धूर भरलेला असेल तर त्यात शिरू नका. खोलीतच राहा, दार लावा, फटीत ओले कपडे कोंबा, खिडकीशी येऊन ओढणी हलवा, ओरडा.

एकदा बाहेर आलात की परत आत जायचं नाही. हे आपल्याला सगळ्यात अवघड जातं. मंगळसूत्र आत आहे, पोरीच्या लग्नाचे पैसे आहेत, गटाचं रजिस्टर आहे. नवं रजिस्टर मिळेल. बँकेत नोंदी आहेत. गटातली कुणीही तुम्हाला विचारणार नाही की रजिस्टर का आणलं नाही.

फोन: आग १०१, कोणतीही आपत्ती ११२, रुग्णवाहिका १०८. पत्ता नीट सांगा. वागळेत रोड नंबर वेगळे आणि किसननगर एक, दोन, तीन वेगळे. 'रोड नंबर २२' आणि 'किसननगर नंबर दोन' यात घोटाळा झाला तर वेळ जातो. जवळची शाळा, मंदिर, मोठं दुकान सांगा आणि एकजण गल्लीच्या तोंडाशी उभा करा. गावात बंब दुरून येणार हे धरूनच चालायचं. पाण्याची मोटर कुणाकडे, टँकर कुणाकडे, हे आधीच माहीत हवं.

भाजल्यावर

कपडे पेटले तर पळायचं नाही. थांबायचं, जमिनीवर पडायचं, लोळायचं. दुसऱ्याने सुती चादर किंवा घोंगडी गुंडाळावी.

भाजलेल्या जागेवर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं सोडा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही, शाई नाही. बांगड्या, अंगठी, जोडवी लगेच काढा, नंतर सूज येते. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड सैलसं ठेवून दवाखाना गाठा. तोंड भाजलं असेल, किंवा धूर गेल्याने आवाज बसला असेल, तर जखम छोटी दिसली तरी घरी थांबू नका.

कागद

अधिकृत घरगुती गॅस कनेक्शनवर तेल कंपन्यांचा अपघात विमा असतो. त्यासाठी वेगळा हप्ता नाही. गॅसच्या अपघातात मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख रुपये, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत आणि नोंदणी असलेल्या पत्त्यावरच्या घराच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत तरतूद आहे. अपघात झाला की एजन्सीला आणि पोलिसांना लगेच कळवावं लागतं. बेकायदा टाकीला यातलं काही मिळत नाही. बँकेतली वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे का तेही पासबुकात बघा. आधार, रेशनकार्ड, पासबुक, गॅसचं पुस्तक यांची एक-एक प्रत दुसऱ्या घरी, माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा.

पुढच्या बैठकीत हे करू

१. प्रत्येकीने आपल्या घराचा नकाशा काढायचा. दार, खिडकी, शेगडी, मशीन, झोपायची जागा. कागदावर काढला की अडचण लगेच दिसते.

२. ज्यांच्या घरात उद्योग आहे, त्यांच्या घरी दोघींनी जाऊन दारापासून झोपायच्या जागेपर्यंतची वाट बघायची. दोष काढायला नाही, सामान हलवायला हात लावायचा.

३. कर्जाच्या अर्जावर एक ओळ वाढवायची: 'मशीन आणि माल घरात कुठे ठेवणार? बाहेर जायची वाट मोकळी राहील का?' जाळी उघडणारी करायला, वायरिंग बदलायला किंवा अलार्म घ्यायला पैसे लागत असतील, तर अंतर्गत कर्जातून आधी ते द्यायचे.

४. आग लागल्यावर कुणी म्हातारीला उचलायचं, कुणी पोरांना, कुणी मेन स्विच, कुणी फोन, हे घरात ठरवायचं. बाहेर भेटायची जागा एकच ठरवायची, म्हणजे आत कुणी राहिलं का ते मोजता येतं.

५. वागळे, कळवा, डोंबिवली, जिथे कुठे आपली लेक-सून खोली घेऊन राहते, तिला आज रात्री फोन करायचा. जेवलीस का विचारून झालं की एवढंच विचारा: 'बाई, दारापुढे काय ठेवलंयस? आणि किल्ली कुठे आहे?'

तिने सांगितलेलं उत्तर पुढच्या बैठकीत आपल्याला सांगा.